जुलूबायचं ऊन

सांडोरच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची वेलआळी लागते. लागते म्हणजे माहीत असेल त्यालाच लागते. रिक्षावाले सरळ पुढे निघून जातात आणि परत फिरताना आमच्यावरच डाफरतात. आजोबांच्या काळी इथे सगळे पानमळे होते. इथली विड्याची पानं करंड्यांत भरून आगगाडीने पार उत्तरेकडे जायची. पुढे पानवेली गेल्या, केळी आल्या, मग भाज्या आल्या, सोनचाफा आला आणि आता फ्लॅट येऊ लागलेत. नाव मात्र वेलआळी ते वेलआळीच.

घरं मोजकी. निम्मी ख्रिस्ती, निम्मी आम्हा हिंदूंची. कोपऱ्यावर क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी तिथे रोजरी सुरू झाली की आमच्या घरातला टीव्ही बंद होतो, आणि गणपतीत आमची आरती सुरू झाली की त्यांच्या घरातला. असं कुणी ठरवलेलं नाही. आमच्या आळीत ठरवून फारसं काही होतच नाही. कुणी कुणाकडे मदत मागत नाही, आणि जो करतो तो विचारून करत नाही.

मुंबईहून पाहुणे आले की म्हणतात, "काय शांत आहे हो तुमच्याकडे!" त्या बोलण्यात एक सूर असतो, म्हणजे इथे कधी काही घडतच नसावं. मला भारी राग येतो. शांत आहे म्हणजे आम्ही काय झोपा काढतो का? पण मी वाद घालत नाही. मी त्यांना खुर्चीत बसवतो, चहा देतो आणि आमच्या जुलूबायची हकिगत सांगतो. चहा थंड होतो, पण पाहुण्यांचा सूर बदलतो.

जुलूबाय म्हणजे जुलियाना. आमच्या कुंपणाला कुंपण लागून तिचं घर. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, जीभ तिखट. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, त्यामुळे मी बँकेतून रिटायर झालो तरी तिच्या लेखी अजून शेजारचा पोरगाच. माहेर आगाशीकडचं. तिथून येताना तिने दोन गोष्टी आणल्या, सुकेळी करायची विद्या आणि ताठा. दोन्ही तिने जपून वाढवल्या.

सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेलं राजेळी केळं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. घड पेंढ्यात झाकून पिकवायचा, केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर एकेक करून मांडायची आणि तट्टे अंगणातल्या माचावर उन्हाला ठेवायचे. संध्याकाळी सगळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं आठवडाभर तरी चालतं. ऊन कमी पडलं तर आंबतात, जास्त झालं तर चिवट होतात. नीट जमली की मधाच्या रंगाची होतात आणि मग केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटात बांधून ठेवली की महिनोन्महिने टिकतात. साखर नाही, तूप नाही. केळं आणि ऊन, बस्स.

एके काळी आळीतल्या चार-पाच घरांत माच होते. हळूहळू पोरी शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या आणि माचांची लाकडं चुलीत गेली. उरली ती जुलूबाय. नाताळ जवळ आला की लांबलांबून लोक तिच्या दारात यायचे. आणि ही बया त्यांना अंगणातच उभं करून आधी उलटतपासणी घ्यायची. एकाने एकदा विचारलं, "मावशी, यात साखर किती घालता?" तिने त्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि म्हणाली, "तुजा बाबा मिठाईवाला हाय काय? जा, तितं घे." तो बिचारा दुसऱ्या दिवशी माफी मागून घेऊन गेला.

आता इमारतीचं सांगतो.

जुलूबायच्या अंगणाच्या दक्षिणेला एक पडीक तुकडा होता, तिचा आणि तिच्या धाकट्या दिराचा, व्हिन्सेंटचा, सामाईक. व्हिन्सेंट म्हणजे गरीब गाय. बोलायचं असलं की आधी टोपी काढतो. त्याला तो तुकडा विकायचा होता. जुलूबायने वर्षभर मान हलवली नाही. मग दुबईहून तिचा मुलगा शॉन आला, त्याने समजावलं आणि ती तयार झाली. पण तयार झाली ती सगळ्याची शहानिशा करून. विहिरीवर आमचा हक्क राहील का? राहील. क्रुसाला धक्का लागणार नाही ना? नाही. फणस तोडायचा नाही. नाही तोडणार. पाऊलवाट बुजवायची नाही. नाही बुजवणार. बिल्डरचा माणूस घाम पुसत सगळ्याला हो म्हणत गेला आणि जुलूबायने सही केली. एवढ्या सगळ्या गोष्टी विचारल्या, पण उन्हाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

इमारत उभी राहिली. खाली गाड्या, वर चार मजले. नाव काय ठेवलं असेल? सूर्यकिरण. मे महिन्यात वरचा स्लॅब पडला. त्या दिवशी भर दुपारी जुलूबाय अंगणात येऊन उभी राहिली आणि तिने मला हाक मारली. इमारतीची सावली इमारतीच्या पायाशीच होती, कुंपणाच्या आत एवढीशीही आलेली नव्हती. माचावर ऊन नुसतं रणरणत होतं. "बघ," ती म्हणाली, "तू उगीच घाबरवत होतास." मी घाबरवलं नव्हतं, पण तिच्याशी कोण भांडणार?

चूक झाली ती इथेच. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली जाणार कुठे? सुकेळीचा हंगाम मात्र दिवाळीनंतरचा, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो. जन्मभर तिने त्याच कलत्या उन्हात केळी सुकवली. पण दक्षिणेला आडवं यायला तिथे कधी काही नव्हतंच, म्हणून ऊन कुठल्या बाजूने येतं हे बघायची वेळच तिच्यावर आली नव्हती. आळीतल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

दसरा झाला तशी सावली कुंपण ओलांडून आत आली. दिवाळीपर्यंत तिने माच गाठला. सकाळी थोडं ऊन, संध्याकाळी थोडं, आणि ज्या मधल्या वेळात केळं खरं सुकतं तेव्हा अंगणात गारवा. जुलूबायने तरी पहिला घाणा मांडला. मला वाटतं तिला कळलेलं होतं, पण मान्य करायचं नव्हतं. चौथ्या दिवशी केळ्यांना आंबूस वास सुटला. तिने सगळे तट्टे खतखड्ड्यात उपडे केले. मी कुंपणापाशीच उभा होतो. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

व्हिन्सेंट टोपी हातात घेऊन आला. "वयनी, माजीच चूक," म्हणायला लागला. तिने त्याला मधेच तोडलं. "सही कोनी केली? मी. तू कशाला रडतोस?" शॉनने दुबईहून फोनवरून एक विजेची पेटी मागवून दिली, केळी सुकवायची. तिने त्यात चार केळी घातली, एक चाखलं आणि पेटीवर फडकं टाकलं. "भाजलेलं केळं हाय हे," म्हणाली. त्या पेटीत आता तिचे कपड्यांचे चिमटे असतात.

आणि मग एके सकाळी तिने सांगून टाकलं. सुकेळी बंद. या हंगामाचे घड बाजारात जातील तसे जातील, बागेतली राजेळी काढून टाकायची आणि तिथे बसराई लावायची, बाजारात खपणारी साधी केळी. बोलली तेही असं, की भाजीत मीठ कमी पडलं एवढंच सांगतेय. मी घरी येऊन हंसाला, माझ्या बायकोला, सांगितलं. माझा आवाज चढला होता. "आळीतलं एवढंच तर उरलं होतं," मी म्हणालो. "आता आम्ही कुणाला काय दाखवायचं? पार्किंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जुलूबायच्या पडवीत पिकून तयार असलेल्या केळ्यांचे दोन तट्टे आमच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे, दोन स्टुलांवर. सोललेली, मांडलेली केळी. हंसा शेजारी काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसलेली.

"विचारलंस तिला?" मी म्हणालो.

"तिला विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

थोड्या वेळाने जुलूबाय कुंपणाशी आली. तिने तट्ट्यांकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं. मला वाटलं आता स्फोट होणार. ती आत आली आणि खाली वाकून केळी नीट करायला लागली. "अशी चिकटवून मांडतात काय गो?" म्हणाली. "मधी बोट जायला पायजे." बस्स, एवढंच.

आमच्या अंगणात ऊन जेवणवेळेपर्यंत असतं, मग आंबा आडवा येतो. तट्टे उचलायची वेळ झाली तेव्हा समोरची नॅन्सी आपल्या गच्चीवरून म्हणाली, "इकडं आना, इकडं अजून हाय." नॅन्सी शाळेत शिकवायची. तिची गच्ची छोटी, पण पश्चिमेला मोकळी. मग दुसऱ्या दिवसापासून आळीत हेच सुरू झालं. सकाळी आमचं अंगण, दुपारी व्हिन्सेंटच्या घराचं पुढचं दार, मग नॅन्सीची गच्ची. तट्टे उन्हामागे हिंडायला लागले. वाहून न्यायला व्हिन्सेंट आणि मी. दोन म्हातारे डोक्यावर केळी घेऊन आळीतून चाललेत, आणि मागून जुलूबाय, "सरळ धर, सरळ धर." आयुष्यभर खुर्चीत बसून नोकरी केली, आणि पहिल्यांदा मान दुखली ती केळ्यांनी.

खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं. कुठल्या घरात किती वाजेपर्यंत ऊन असतं हे मला आमच्या आळीबद्दल तोवर माहीतच नव्हतं. या आळीत जन्मलो, पण तिच्या अंगणाअंगणांतून असा कधी हिंडलो नव्हतो. नाताळसाठी थोडी सुकेळी झाली. जुलूबायने नेहमीच्या लोकांना थोडी थोडी दिली आणि सगळ्यांना ऐकवलं, "या वर्सी कमी हाय. खायची तर जपून खा."

पण हे फार दिवस चालणारं नव्हतं. नाताळ झाल्यावर एके दुपारी व्हिन्सेंट नॅन्सीच्या जिन्यावर तट्टा घेऊन चढताना अडखळला. केळी त्याने पडू दिली नाहीत, कंबर मात्र धरली. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. मी एकटा पडलो आणि माझ्या मानेची कुरकुर चालूच होती. जुलूबाय व्हिन्सेंटच्या उशाशी जाऊन बसली. परत आली ती थेट माझ्याकडे. "पुरे झालं," मला म्हणाली. "माज्यापायी मानसं आजारी पडायला लागली. लाज वाटते मला."

आणि तरी एक उपाय होता, जो आम्हाला सगळ्यांना माहीत होता आणि कुणी बोलत नव्हतं. आळीत दिवसभर अखंड ऊन असलेली एकच जागा होती. सूर्यकिरणची गच्ची.

दुसऱ्या मजल्यावर क्षितिजा राहायची. पावसाळा संपताच डोंबिवलीहून राहायला आलेली, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. शनिवारी ती बाल्कनीतून आमची ती मिरवणूक बघत असे. एकदा खाली येऊन तिने स्वतःच जुलूबायला म्हटलं होतं, "आंटी, आमचं टेरेस रिकामंच असतं. सोसायटीला विचारावं लागेल फक्त. मी विचारू का?" जुलूबायने तिला उत्तर दिलं होतं, "नको." तेवढंच. क्षितिजा हिरमुसून परत गेली होती. मी नंतर जुलूबायला म्हणालो, एवढं तोडून कशाला बोललीस, तर माझ्यावरच उखडली. "त्या घरात मी ऊन मागायला जाऊ?"

व्हिन्सेंट पडला त्याच्या पुढच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, ती देवळातून थेट आमच्याकडे आली. सणासुदीची साडी नेसलेली होती. "सूर्यकिरणची आज मीटिंग हाय म्हनून आयकलं," ती म्हणाली. "चल माज्यासंगं. तू बोलायचं नाय. नुसता उभा रहा."

खाली गाड्यांच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून पंधरा-वीस माणसं बसली होती. क्षितिजा आम्हाला बघून उठलीच. जुलूबाय मधोमध जाऊन उभी राहिली. खुर्ची दिली ती घेतली नाही. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, राग मानू नका. गच्ची सगळ्यांची आहे. केळी आली म्हणजे माश्या येणार, कावळे येणार. आणि आज तुम्हाला दिली तर उद्या आणखी कुणाला नाही कशी म्हणायची?"

मला बोलायचं होतं. या आळीने तुम्हाला काय काय दिलं, तुम्ही कुणाच्या जमिनीवर बसलात, असलं बरंच काही तोंडाशी आलं होतं. जुलूबायने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

"तुमचं बरोबर हाय," ती त्यांना म्हणाली. "माश्या येतील. कावळे पन येतील. मी खोटं सांगनार नाय. ही जमीन आमची होती. तुमी ती लुबाडली नाय, मी इकली. माज्या हातानं सही केली. म्हनजे माज्या अंगनात जी सावली पडते, ती मीच पाडलेली हाय. त्याचा दोष मी तुमाला देत नाय. पन माजं ऊन आता तुमच्या गच्चीवर हाय. ते मागायला आलेय. आजपतुर मी कोनाकडं काय मागितलं नाय, तवा मागायचं कसं ते मला नीट येत नाय. चुकलं असल तर सांगा."

तिचा आवाज एकदाही हलला नव्हता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला मागून दिसत होतं. एवढी वर्षं हिला ओळखतो, तिच्या ताठ्याची आळीत सगळे चेष्टा करतात, मीही करतो. त्या दिवशी मला कळलं की मान ताठ ठेवून मागता येतं, आणि ते येरागबाळ्याचं काम नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का नाही येणार?

सेक्रेटरी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "कपडे वाळत घालायच्या दोऱ्या एका बाजूला घ्याव्या लागतील." क्षितिजा म्हणाली, "मी आजच घेते." पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी विचारलं, "कावळे हाकायला कुणी लागेल का? मी दिवसभर घरीच असते." जुलूबाय त्यांच्याकडे वळून म्हणाली, "डुलकी लागते काय दुपारी?" आजी म्हणाल्या, "लागते." "मग चालनार नाय," जुलूबाय म्हणाली, आणि सगळी मीटिंग हसली. आजींना शेवटी सकाळची पाळी मिळाली.

तट्टे लिफ्टमधून वर गेले. माझ्या मानेने सुटकेचा श्वास सोडला. पहिल्या दिवशी गच्चीवर पाऊल टाकल्यावर जुलूबाय कठड्याशी जाऊन उभी राहिली. जन्मात तिने आळी वरून पाहिली नव्हती. केळीच्या बागा, विहिरी, कौलं, मधून जाणारी पाऊलवाट. तिचं अंगणही दिसत होतं, सावलीत. मग क्षितिजाला जवळ बोलावून एकेक घर दाखवायला लागली. ते नॅन्सीचं, तिचा आजा देवळाची घंटा वाजवायचा. तो मोकळा भाग, तिथं शेवटचा पानमळा होता, मळ्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या असं आम्हाला सासरा सांगायचा. ते कौलारू, माझ्याकडे बोट करून, ते या भूपेशचं, याच्या आयशीनं माझ्या लग्नात भाकऱ्या थापल्या. क्षितिजा सगळं ऐकत होती. इमारतीतली आणखी दोन-तीन माणसं येऊन मागे उभी राहिली. आपण कुठे राहतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

त्या गच्चीवर जी सुकेळी झाली तशी मी बऱ्याच वर्षांत खाल्ली नव्हती. उघड्यावरचं ऊन, वारा खेळता, आडवं काही नाही. जुलूबायने सोपटात बांधलेली एक एक पुडी इमारतीतल्या प्रत्येक दारात स्वतः नेऊन दिली. सेक्रेटरींनी खाऊन विचारलं, "यात साखर किती असते?" मी जीव मुठीत धरला. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी वर या. दाखवते."

फेब्रुवारीत एके सकाळी तिच्या बागेतून कुदळीचा आवाज आला. राजेळी काढून बसराई लावायची हे तिने मागे घेतल्याचं कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी चप्पल न घालताच कुंपण ओलांडून गेलो. ती खड्डे खणत होती. बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेले केळीचे मुनवे, लावायचे कोंब, ठेवलेले होते. पातीवरून, खोडावरून मी ओळखले. राजेळीचे होते, आणि दरवर्षीपेक्षा बरेच जास्त.

राजेळीचं झाड सावकाश वाढतं. आज लावलं तर घड हाती यायला वर्ष उलटून जातं.

"जुलूबाय," मी म्हणालो, "ही कुठल्या हंगामाची?"

"येत्या नाय," ती कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाली. "त्याच्या फुडच्या." आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाली, "उभा काय राहिलास? पानी घाल."